पोच आणि मंजुरी : अमेरिकेचे तैवानविषयक धोरण कसे वाचावे

आपण विचारले आहे की, अमेरिका एकीकडे ‘तैवान हा चीनचा भाग आहे’ हे मान्य करते आणि दुसरीकडे त्याच तैवानला लढाऊ विमाने विकते, हा उघड दुटप्पीपणा नाही का. आणि उद्या चीनने बळाचा वापर केला, तर अमेरिका तैवानसाठी लढेल की हात वर करील. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचे उत्तर बऱ्याच निश्चितपणे देता येते, कारण ते कागदावर आहे. दुसऱ्याचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ते जो कोणी ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देईल, त्याच्यावर आपण विसंबू नये असे मला वाटते. मात्र त्याआधी आपल्या प्रश्नातले ‘मान्य करते’ हे क्रियापद तपासून घ्यावे लागेल, कारण घोळ तिथूनच सुरू होतो.

मी गेली तीस वर्षे परराष्ट्र व्यवहारातील दस्तऐवजांचा अनुवाद करतो आणि त्यातही चिनी व इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून वाचण्याचे काम अधिक केले आहे. अगदी सुरुवातीला १९७२ च्या शांघाय निवेदनाचा मराठी मसुदा करताना मीही आपल्यासारखेच ‘अमेरिका मान्य करते’ असे लिहिले होते. मसुदा तपासणाऱ्या ज्येष्ठांनी त्या शब्दांखाली रेघ ओढली आणि विचारले, ‘तहसील कचेरीत अर्ज दिल्यावर आवक विभागातला कारकून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून ती परत देतो, तिला काय म्हणतात?’ मी म्हणालो, ‘पोच.’ त्यांनी पुन्हा विचारले, ‘पोच मिळाली म्हणजे अर्ज मंजूर झाला का?’ त्या एका प्रश्नाने मला हे धोरण जितके समजले, तितके नंतरच्या अनेक ग्रंथांनीही समजले नाही.

शांघाय निवेदन २८ फेब्रुवारी १९७२ रोजी निक्सन यांच्या चीन दौऱ्याच्या अखेरीस प्रसिद्ध झाले. त्यातील अमेरिकी बाजूच्या परिच्छेदाचा आशय असा आहे : तैवान सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंचे सर्व चिनी लोक चीन एकच आहे आणि तैवान हा चीनचा भाग आहे असे मानतात, याची अमेरिकेने दखल घेतली आहे, अमेरिकी सरकार त्या भूमिकेला आव्हान देत नाही, आणि तैवानचा प्रश्न खुद्द चिनी लोकांनी शांततेने सोडवावा, यात आपल्याला स्वारस्य असल्याचा पुनरुच्चार ते करते. त्या काळी बीजिंगमधील माओंचे सरकार आणि तैपेईमधील, म्हणजे तैवानच्या राजधानीतील, च्यांग काय-शेक यांचे सरकार, दोघेही संपूर्ण चीनचे एकमेव सरकार असल्याचा दावा करीत होते, त्यामुळे ‘दोन्ही बाजू असे मानतात’ हे विधान दोघांपैकी कोणालाही नाकारता येण्याजोगे नव्हते. अमेरिकेने येथे स्वतःचे मत दिलेच नाही, इतरांचे मत काय आहे ते नोंदवले. तिने स्वतःचे म्हणून काही मांडले असेल, तर ते शेवटच्या कलमातील ‘शांततेने’ या शब्दात आहे.

पुढे १ जानेवारी १९७९ पासून लागू झालेल्या दुसऱ्या अमेरिका-चीन संयुक्त निवेदनात हा फरक आणखी ठळक होतो, कारण तेथे दोन इंग्रजी क्रियापदे जवळजवळ शेजारी बसलेली आहेत. चीनचे एकमेव कायदेशीर सरकार म्हणून बीजिंग सरकारला अमेरिका ‘रेकग्नाइज’ करते, म्हणजे मान्यता देते. आणि चीन एकच असून तैवान त्याचा भाग आहे, ही चीनची भूमिका ती ‘अॅक्नॉलेज’ करते, म्हणजे तिची पोच देते. चिनी मजकुरात मात्र दोन्ही ठिकाणी ‘छंगरन’ हा एकच शब्द आहे, ज्याचा अर्थ मान्यता देणे असाच होतो. १९७२ च्या चिनी मजकुरात या दुसऱ्या ठिकाणी ‘रन्शीदाओ’ म्हणजे ‘जाणीव असणे’ असा सौम्य शब्द होता. अमेरिकी सिनेटमध्ये यावर प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा आपल्याला इंग्रजी मजकूरच बंधनकारक आहे असे प्रशासनाने स्पष्ट केले. आपल्याकडील वृत्तपत्रांनी दोन्ही क्रियापदांसाठी ‘मान्यता’ हा शब्द वर्षानुवर्षे वापरला, त्यामुळे मराठी वाचकाला यातली फट दिसण्याची सोयच राहिली नाही. आपल्या प्रश्नात ती चूक आली, यात आपला दोष नाही.

यावरूनच आणखी एक भेद लक्षात घ्यावा. बीजिंगचे आहे ते ‘एक चीन तत्त्व’, ज्यात तैवान चीनचाच आहे हे गृहीत आहे. वॉशिंग्टनचे आहे ते ‘एक चीन धोरण’, ज्यात तैवानच्या सार्वभौमत्वावर मत न देणे हा गाभा आहे. प्रत्येक राजधानीचे ‘एक चीन’ थोडे निराळे असते. आपल्या देशाचेच पाहावे : भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजीच बीजिंग सरकारला मान्यता दिली आणि १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतील चीनची जागा त्याला देणाऱ्या ठरावाच्या बाजूने मत दिले, पण साधारण २०१० नंतर चीनबरोबरच्या संयुक्त निवेदनांत ‘एक चीन’चा उल्लेख करणे भारताने थांबवले आहे, आणि २०२४ मध्ये मुंबईत तैपेईचे आर्थिक व सांस्कृतिक केंद्र सुरू झाले तेव्हा चीनने निषेध नोंदवूनही ते सुरू राहिले. भारताने जुनी भूमिका सोडलेली नाही, तो ती उच्चारत नाही इतकेच. न उच्चारणे हीसुद्धा राजनयातील एक कृती असते.

मग अमेरिका मालकीवर मत का देत नाही? त्यासाठी जमिनीच्या कज्जात पाहतो तशी जुनी कागदपत्रे पाहावी लागतात. १८९५ च्या शिमोनोसेकी तहाने चीनच्या तत्कालीन छिंग साम्राज्याने तैवान आणि त्याच्या शेजारची पेंगहू बेटे जपानला दिली. १९४३ च्या कैरो घोषणेत ती चीनच्या प्रजासत्ताकाला, म्हणजे च्यांग यांच्या तत्कालीन सरकारला, परत केली जातील असे मित्रराष्ट्रांनी म्हटले, आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये च्यांग यांच्या प्रशासनाने तैवानचा ताबाही घेतला. पण १९४९ मध्ये यादवी युद्ध हरून तेच सरकार तैपेईला आले, आणि १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जपानशी शांतता करार करायची वेळ आली तेव्हा चीनच्या वतीने कोणाला बोलवायचे यावर ब्रिटन आणि अमेरिका यांचे एकमत होईना, म्हणून दोघांनाही बोलावले गेले नाही. करारात जपानने तैवानवरील सर्व हक्क सोडले, परंतु ते कोणाच्या लाभात सोडले हे लिहिलेच नाही. आपल्याकडे हक्कसोडपत्र करताना ते कोणाच्या लाभात केले, हा मुद्दा कोणीही मोकळा ठेवत नाही. तेथे तो हेतुपुरस्सर मोकळा ठेवला गेला. भारताने त्या परिषदेला जाण्याचे नाकारले, आणि त्यामागच्या आक्षेपांपैकी तैवान चीनला परत देण्याचा उल्लेख नसणे हा एक आक्षेप होता, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. ताबा एकाचा, दावा दोघांचा आणि हक्कसोडपत्रात लाभार्थ्याची जागा रिकामी, अशा स्थितीत अमेरिकेने निकाल न देण्याचा पवित्रा घेतला आणि तो आजवर सोडलेला नाही.

हा पवित्रा सुरुवातीपासून ठरलेला होता असेही मानू नये. ५ जानेवारी १९५० रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी चीनच्या यादवीत हस्तक्षेप करणार नसल्याचे जाहीर केले होते, आणि आठवड्याभरात परराष्ट्रमंत्री अॅचेसन यांनी पॅसिफिकमधील संरक्षणरेषा सांगताना तैवान तिच्या बाहेर ठेवले होते. २५ जूनला कोरियात युद्ध पेटले आणि २७ जूनला त्याच ट्रुमन यांनी सातवे आरमार सामुद्रधुनीत पाठवून तैवानचा दर्जा पुढे ठरेल असे म्हटले. सहा महिन्यांत धोरण उलटले, तेही तैवानात काही घडले म्हणून नव्हे, तर कोरियात घडले म्हणून. १९७१ मध्ये निक्सन यांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुप्तपणे बीजिंगला गेले, त्यामागचे कारणही सोव्हिएत संघाशी असलेली स्पर्धा आणि व्हिएतनामचे युद्ध हे होते. तैवानविषयक अमेरिकी धोरणाचे कारण अनेकदा तैवानच्या बाहेर सापडते, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगतो.

आता शस्त्रांकडे येऊ. १९७९ मध्ये राजनैतिक संबंध बीजिंगकडे गेले, आणि तैवानशी १९५४ मध्ये केलेला परस्पर संरक्षण करार एका वर्षाच्या सूचनेनंतर संपला. अमेरिकी काँग्रेसला प्रशासनाने पाठवलेला मसुदा अपुरा वाटला, म्हणून तिने तो बराच बळकट करून तैवान संबंध कायदा संमत केला आणि १० एप्रिल १९७९ रोजी कार्टर यांनी त्यावर स्वाक्षरी केली. हा कायदा म्हणतो की, तैवानचे भवितव्य शांततेखेरीज अन्य मार्गाने, ज्यात बहिष्कार आणि नाकेबंदीही येतात, ठरवण्याचा कोणताही प्रयत्न ही अमेरिकेच्या दृष्टीने गंभीर चिंतेची बाब असेल. तैवानला बचावात्मक स्वरूपाची शस्त्रे पुरवली जातील. आणि बळाच्या वापराला प्रतिकार करण्याची क्षमता अमेरिका स्वतःकडे राखील. शेवटचे वाक्य सावकाश वाचावे. क्षमता राखण्याचे वचन आहे, ती वापरण्याचे नाही. धोका उद्भवल्यास अध्यक्षांनी काँग्रेसला तातडीने कळवावे आणि दोघांनी घटनात्मक प्रक्रियेने योग्य ती कृती ठरवावी, इथवर कायदा येतो आणि थांबतो.

१७ ऑगस्ट १९८२ च्या तिसऱ्या निवेदनात अमेरिकेने शस्त्रविक्री हळूहळू कमी करण्याचा मानस व्यक्त केला, आणि आपला दुटप्पीपणाचा आरोप या ठिकाणी सर्वांत बळकट ठरतो, कारण विक्री थांबली तर नाहीच, उलट १९९२ मध्ये थोरल्या बुश यांनी १५० एफ-१६ विमानांची विक्री जाहीर केली. ते निवडणुकीचे वर्ष होते आणि घोषणा झाली ती विमाने बनवणाऱ्या टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे. चीननेही त्या सुमारास रशियाकडून सुखोई विमाने घेतली होती. दोन्ही कारणे खरी आहेत आणि मी त्यांपैकी एकही लपवणार नाही. परंतु १९८२ च्या निवेदनाच्याच दिवशी रेगन यांनी एका अंतर्गत टिपणात लिहून ठेवले होते की, शस्त्रांतील कपात ही चीनच्या शांततापूर्ण मार्गाविषयीच्या बांधिलकीवर पूर्णपणे अवलंबून राहील. हे टिपण २०१९ मध्ये खुले झाले. त्याखेरीज तैपेईला सहा आश्वासने देण्यात आली होती : विक्री थांबवण्याची तारीख ठरवलेली नाही, विक्रीबाबत बीजिंगशी आधी सल्लामसलत करणार नाही, मध्यस्थी करणार नाही, तैवान संबंध कायदा बदलणार नाही, सार्वभौमत्वाविषयीची भूमिका बदललेली नाही, आणि वाटाघाटींसाठी तैवानवर दबाव आणणार नाही.

येथवर आलेले धागे एकत्र धरले तर दिसते ते असे : तैवान कोणाचे, यावर अमेरिका बोलत नाही, ते कसे ठरावे, यावर मात्र ती सातत्याने बोलते. बळाने नको आणि कोणा एका बाजूने परस्पर नको. शस्त्रविक्री आणि ‘एक चीन’ यांच्यात विसंगती वाटते ती आपण दोन्हींना मालकीविषयीची विधाने समजतो म्हणून. शस्त्रे ही पद्धतीविषयीच्या आग्रहाची हमी म्हणून दिली जातात, आणि त्या अर्थाने दोन्ही एकाच धोरणाचे भाग आहेत.

तरीही मी या धोरणाला निर्दोष म्हणणार नाही, आणि माझा आक्षेप दुटप्पीपणाहून वेगळा आहे. १९७२ मध्ये ‘दोन्ही बाजूंचे सर्व चिनी लोक असे मानतात’ हे लिहिले गेले, तेव्हा तैवानात १९४९ पासूनचा लष्करी कायदा लागू होता, आणि तेथील लोकांना आपण काय मानतो हे सांगण्याची मुभाच नव्हती. १९४७ च्या फेब्रुवारीअखेर तेथे सुरू झालेल्या सरकारी दडपशाहीत हजारो माणसे मारली गेली होती आणि त्याविषयी घरातही मोठ्याने बोलले जात नव्हते. डिसेंबर १९७८ मध्ये संबंध तोडण्याचा निर्णय तैवानचे अध्यक्ष च्यांग छिंग-क्वो यांना जाहीर घोषणेच्या जेमतेम काही तास आधी, मध्यरात्रीनंतर उठवून सांगण्यात आला. एका समाजाच्या भवितव्याविषयीचे वाक्य त्या समाजाला न विचारता लिहिले गेले, हे मला आजही खुपते.

नंतरच्या काळात वाक्यात बदल झाला, आणि तो तैवानी लोकांनी स्वतः घडवून आणलेल्या बदलामुळे झाला. १९८७ मध्ये लष्करी कायदा उठला, मार्च १९९६ मध्ये पहिली थेट अध्यक्षीय निवडणूक झाली, आणि २००० साली क्लिंटन यांनी म्हटले की, हा प्रश्न शांततेने आणि तैवानच्या जनतेच्या संमतीने सुटला पाहिजे. ‘खुद्द चिनी लोकांनी’ ते ‘तैवानच्या जनतेच्या संमतीने’ हा अठ्ठावीस वर्षांतला प्रवास माझ्या दृष्टीने कोणत्याही शस्त्रकरारापेक्षा महत्त्वाचा आहे. ही जनता काय म्हणते, तेही पाहावे. तैपेईच्या राष्ट्रीय चंगची विद्यापीठाच्या अनेक वर्षांच्या पाहण्यांत सर्वाधिक लोक कोणत्या ना कोणत्या रूपात ‘जैसे थे’ स्थिती पसंत करतात. आपल्याकडील चर्चेत स्वातंत्र्य आणि विलीनीकरण हे दोनच पर्याय धरले जातात, त्यात हे सुमारे २ कोटी ३० लाख लोक बसत नाहीत.

आता आपला दुसरा प्रश्न. अमेरिका लढेल की नाही हे तिने मुद्दाम सांगितलेले नाही, आणि या न सांगण्याला धोरणात्मक संदिग्धता म्हणतात. ती केवळ चीनसाठी नाही. चीनला वाटावे की अमेरिका येईल, म्हणून त्याने हल्ला करू नये. आणि तैपेईला वाटावे की अमेरिका येईलच असे नाही, म्हणून तिने एकतर्फी स्वातंत्र्य घोषित करू नये. धाक दोन्हीकडे आहे. १९९५ मध्ये तैवानचे अध्यक्ष ली तंग-हुई आपल्या जुन्या विद्यापीठात भाषणासाठी अमेरिकेला गेले, तेव्हा चीनने सामुद्रधुनीत क्षेपणास्त्रे डागली, आणि मार्च १९९६ मध्ये अमेरिकेने इंडिपेंडन्स आणि निमित्झ या विमानवाहू नौकांचे दोन ताफे त्या भागात आणले; हा धाकाचा एक चेहरा. डिसेंबर २००३ मध्ये धाकटे बुश यांनी चीनचे पंतप्रधान वन च्यापाओ यांच्या शेजारी उभे राहून तैवानच्या अध्यक्षांच्या एकतर्फी हालचालींना जाहीर विरोध केला. हा दुसरा चेहरा.

अलीकडे ही संदिग्धता झिजली आहे, हे मान्य केले पाहिजे. बायडेन यांनी २०२१ आणि २०२२ मध्ये अनेकदा ‘हो, आम्ही संरक्षण करू’ असे उत्तर दिले, एकदा तर आपण तशी बांधिलकी दिली आहे असेही म्हटले, आणि दरवेळी व्हाइट हाउसने धोरण बदललेले नाही असा खुलासा केला. १९७९ मध्ये सिनेटर या नात्याने त्यांनी तैवान संबंध कायद्याच्या बाजूने मत दिले होते, म्हणून मला ते अधिक गंभीर वाटले. कायद्यात तशी बांधिलकी नाही. ‘तैवानच्या स्वातंत्र्याला आमचा पाठिंबा नाही’ हे वाक्य परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावरून २०२२ मध्ये गेले, पुन्हा आले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा गेले. काही अभ्यासक म्हणतात की, चीनचे नौदल १९९६ मध्ये होते तसे राहिले नसल्याने आता स्पष्ट वचनच युद्ध टाळील. त्यांचा युक्तिवाद मी हलका मानत नाही, परंतु स्पष्टता आणायचीच असेल तर ती कायद्याने आणि पूर्ण विचाराने आणावी. बीजिंग एकेक शब्द मोजून वाचते, आणि तोंडून निसटलेल्या वाक्यांतून मिळणारी स्पष्टता कोणालाच सुरक्षित करीत नाही.

प्रत्यक्ष प्रसंगी निर्णय कशावर फिरेल? ठिणगी कोणी टाकली यावर. त्या वेळचे अध्यक्ष आणि काँग्रेस यांच्यावर. ओकिनावातील अमेरिकी तळांचा वापर जपान करू देतो का यावर, कारण जपानचे योनागुनी बेट तैवानपासून सुमारे ११० किलोमीटरवर आहे आणि ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तत्कालीन सभापती पेलोसी यांच्या तैवानभेटीनंतर चीनने डागलेल्या क्षेपणास्त्रांपैकी पाच आपल्या विशेष आर्थिक क्षेत्रात पडल्याचे जपानने सांगितले होते. आणि तैवान स्वतः किती तग धरते यावर, ज्यासाठी तेथील सक्तीची लष्करी सेवा २०२४ पासून चार महिन्यांवरून एक वर्ष करण्यात आली. माझा अंदाज विचाराल तर, चिथावणीशिवाय उघड सैन्य उतरवले गेले तर अमेरिका कोणत्या ना कोणत्या रूपात मध्ये पडेल असे मला वाटते. मला खात्री वाटत नाही ती दुसऱ्या शक्यतेबद्दल : तपासणीच्या नावाखाली जहाजे अडवणे, समुद्राखालच्या दळणवळणाच्या तारा तुटणे, हळूहळू गळा आवळणे, ज्यात युद्ध सुरू झाले असे म्हणता येईल असा दिवसच उगवत नाही.

किंवा किनमेन. हे बेट तैपेईच्या ताब्यात आहे, पण चीनच्या शियामेन शहरासमोर अवघ्या काही किलोमीटरवर. १९५८ मध्ये त्यावर चीनकडून तोफगोळ्यांचा वर्षाव झाला होता, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथे तैवानी तटरक्षक दलाने केलेल्या पाठलागाच्या वेळी दोन चिनी मच्छीमारांचा मृत्यू झाल्यापासून चीनचे तटरक्षक दल त्याच्याभोवती नियमित फेऱ्या घालते. तैवान संबंध कायद्याच्या शेवटी ‘तैवान’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. तिच्यात तैवान बेट आणि पेंगहू बेटे यांची नावे आहेत, किनमेनचे नाही. म्हणून क्षेपणास्त्रांच्या मोठ्या मथळ्यांपेक्षा त्या तटरक्षक नौकांच्या फेऱ्यांच्या बातम्या मी अधिक काळजीने वाचतो.